पहिला चौरंग

कोंबड्याच्या चोचीत लाल मिरची खोचताना अन्फिसाचा हात तिसऱ्यांदा घसरला, तेव्हा तिने कोंबड्यालाच दम भरला. "आ कर की मेल्या! तुलाही आजच रुसून बसायचंय का?"

उकडलेला कोंबडा तो, काय बोलणार! दीना, तिची भावजय, शेजारी गाजराचे बारीक काप करत बसली होती. ती हसायला गेली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली.

"वन्सं, साडेनऊ झाले. हे अजून कोठीतच आहेत हो."

"असू दे. कांद्यांच्या वासाने बाहेर येईल."

पण अन्फिसाचाही जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळपासून ती स्वयंपाकघर ते अंगण आणि अंगण ते कोठी अशा वीस तरी फेऱ्या मारून आली होती. अंगणात मांडवाखाली पाहुणे जमायला लागले होते. उश्तोबे गावाच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याने मांडवाचं कापड फडफडत होतं. सोहळा चालवायला आणलेला बोलघेवडा माणूस त्याच त्या तीन कोट्या फिरवून फिरवून सांगत होता. आतल्या मोठ्या खोलीत चौरंग मांडून तयार होता. त्यावर तांदळाच्या वड्यांचे मनोरे होते, फळं होती, आणि मधोमध कोंबड्याची जागा रिकामी. चौरंगामागे त्रोफिमची बैठक आणि तिच्या उजव्या हाताला दोन रिकामी आसनं. भांडण सगळं त्या दोन आसनांवरून.

ज्याची साठी, तो त्रोफिम हेगाय नवा सूट अंगावर चढवून पहाटे सहालाच कांद्याच्या कोठीत जाऊन बसला होता आणि त्याने आतून कडी घातली होती. चाळीस वर्षं कोलखोजच्या, म्हणजे सामुदायिक शेतीच्या, पाटाचं पाणी ज्याने वाटलं, त्याच्यापुढे गावात कुणी आवाज चढवत नसे. काल रात्रीच्या जेवणात त्याच्या धाकट्यानेच तो चढवला. आवाजही नाही म्हणा. वेन्या हळूच बोलला होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

"बाबा, तुमच्यापुढे हवं तितक्या वेळा वाकेन. त्या रिकाम्या आसनांपुढे नाही. मेलेल्यांपुढे डोकं टेकवणं माझ्या ख्रिस्ती विश्वासात बसत नाही."

"माझ्या आईबापाला ओलांडून मला नमस्कार करणार तू?" त्रोफिमने चमचा खाली ठेवला होता. "दोन मुलगे, दोन्ही आसनांपुढे. नाहीतर चौरंग उचला आणि लोकांना घरी पाठवा."

बस्स, तेव्हापासून घराचे दोन तट पडले होते. थोरला आर्तुर बापाच्या बाजूने. तालदीकोर्गानच्या बाजारात त्याचे दोन गाळे, बोलणंही बाजारातलंच. दीना धाकट्याच्या बाजूने, पण नवऱ्यासमोर तोंड उघडायची तिची छाती नव्हती. ती फक्त रडत होती. आणि अन्फिसा सकाळी आर्तुरला म्हणाली, "तुझं बरोबर आहे," तासाभराने दीनाला म्हणाली, "तुझंही बरोबर आहे," आणि स्वतःच्या मनाला काहीच सांगेनाशी झाली.

आर्तुर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आत्या, तू बोल त्याच्याशी. मी बोललो तर हात उचलला जाईल. तीन वर्षं अल्मातीच्या सेमिनरीत काय शिकला? तर कझाकांच्या घरी मेंढीचं डोकं कुठल्या हाताने घ्यायचं! कान कापून आधी कुणाला द्यायचा! काल मला सांगत होता, उईगुराच्या घरी पाव उलटा ठेवायचा नाही म्हणून. जगभराच्या रीती पाठ आहेत साहेबांना. आपल्या बापाची एक रीत आली की लगेच धर्म आडवा येतो."

"कुठे आहे तो?"

"मागे. लाकडं फोडतोय. हिवाळ्याचीही फोडून होतील आता."

अन्फिसाने हात एप्रनला पुसले. मिरची एकदाची चोचीत बसली होती, तिरकी का होईना. कोरियन माणसाला आयुष्यात तीन चौरंग मिळतात. पहिल्या वाढदिवसाचा, लग्नाचा आणि साठीचा. पहिले दोन आईबाप मांडतात, तिसरा मुलं. पहिल्यावर तांदूळ, दोरा, कात्री ठेवतात आणि पोर जे उचलेल तसं त्याचं आयुष्य. सगळे दुपारच्या आत मांडायचे. आणि ज्याचा पहिला चुकला त्याने पुढचे मागायचे नाहीत, मागितले तर ते मुलांवर उलटतं. हे सगळं गावाला शिकवणारी अन्फिसाच होती. कुणाच्याही घरी चौरंग मांडायचा झाला की लोक तिलाच विचारायला येत. आज मात्र घड्याळाकडे बघायचीही तिला भीती वाटत होती.

वेन्या पॉप्लरच्या रांगेशी घाम गाळत उभा होता. पांढरा शर्ट, वर केलेल्या बाह्या, पायाशी ढिगारा. आत्याला पाहून त्याने कुऱ्हाड खाली केली, पण हातातून सोडली नाही.

"आत्या, समजवायला आली असशील तर..."

"मी कसली समजावते! तू शिकलेला. ती तुझी हिरवी वही दे पाहू, जी सारखी खिशात घेऊन हिंडतोस."

वही त्याने काढून दिली. सेमिनरीत शेवटच्या वर्षाला प्रत्येकाच्या वाट्याला एकेक समाज येत असे. कुणाला उईगुरांची गल्ली, कुणाला दुंगान, कुणाला जर्मनांची गावं. वेन्याच्या वाट्याला कराताल नदीकाठचे कझाक आऊल, म्हणजे पाडे, आले होते. नुसता ग्रंथ घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. आधी त्यांचं दुःख, त्यांचा चहा, त्यांची भाषा शिकायची, मग तोंड उघडायचं. पाळक व्हायला निघालेल्या पोरांना हेच तिथे घोटून घोटून शिकवत होते. काय चालेल, काय चालणार नाही, काय विचारून घ्यायचं, अशा तीन रकान्यांनी वही भरली होती.

अन्फिसाने चष्मा नाकावर ओढला. "कझाक, अकरा पानं. बाप रे. उईगुर सहा. जर्मन चार. आणि हे शेवटचं... कोरियन. खाली एकच ओळ? 'वाकणं: नाही.' एवढंच?"

"आपलं मला ठाऊकच आहे गं. त्यात लिहायचं काय?"

"अस्सं! ठाऊक आहे!" ती पानं उलटत पहिल्या पानाशी आली. तिथे लाल शाईने, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात, चौकट काढून लिहिलं होतं. तिने मोठ्याने वाचलं. "'कुणाच्याही घरातली रीत नाकारण्याआधी त्या घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ बसा. ती रीत कशासाठी आहे ते तिला विचारा. मग गप्प राहा.' हे कुणी लिहिलं?"

"दोसान सरांनी. प्रत्येकाच्या वहीत लिहून देतात."

"मग काय रे शहाण्या, या घरातली सर्वांत म्हातारी बाई कोण? तो कोंबडा?"

वेन्या गोरामोरा झाला. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारा पोरगा तो. असं रंगेहाथ त्याला आजवर कुणी पकडलं नव्हतं. त्याने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली आणि तो आत्याच्या शेजारी खाली बसला.

"चुकलो. विचारतो. आत्या, ती दोन आसनं कशासाठी?"

"ज्यांनी पहिला चौरंग मांडला त्यांच्यासाठी. साठी झालेला माणूस आधी त्यांना वाकतो, मग त्याची मुलं वाकतात. ते जिवंत असोत वा नसोत."

"म्हणजे बाबांचा पहिला चौरंग आजी-आजोबांनी मांडला."

आता फक्त हो म्हणायचं होतं. साठ वर्षं ती हो म्हणतच आली होती. त्रोफिमच्या लग्नात म्हणाली, गावातल्या म्हाताऱ्यांपुढे म्हणाली. पण आज तिने वहीतली ती लाल चौकट पुन्हा एकदा वाचली. पोरगा नुसता बसून राहिला. विचारल्यावर गप्प राहायचं हेही त्याला शिकवलेलंच होतं, आणि हा मेला ते पाळत होता.

"तुझे आजोबा पहिल्याच हिवाळ्यात गेले," अन्फिसा म्हणाली. "सरकारने सगळ्या कोरियनांना घरांतून उचलून आगगाडीतून इथे कझाकांच्या मुलखात आणून टाकलं, जमिनीत खड्डे खणून राहिलो, तेव्हा. त्रोफिम मग मे महिन्यात जन्मला. त्याला वर्ष झालं त्या दिवशी आई तापाने फणफणलेली. घरात तांदळाचा दाणा नाही. मी आठ वर्षांची. आई म्हणाली, दुपारच्या आत काहीतरी मांड गं, पोराचं पुढे अडेल. मी कुठून मांडू? त्याला कडेवर घेतलं आणि कालव्यापलीकडे आऊलात गेले. एक कझाक बाई पाव भाजत होती. मला तिची भाषा येत नव्हती. मी एक बोट दाखवलं, मग पोर दाखवलं, मग सूर्य. तिने जमिनीवर चादर अंथरली. तळलेले कणकेचे गोळे, खारट सुकं दही, वाटीभर दूध. तोवर दुपार टळून गेलेली. ना तांदूळ, ना दोरा, ना कात्री. हा तुझ्या बापाचा पहिला चौरंग."

"पण तू तर सांगतेस बाबांनी दोरा उचलला. लांब आयुष्याचा."

"दोरा नव्हताच रे तिथे!" ती एकदम खेकसली. "घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, लोकांना सांग मीच मांडला. विधिवत मांडला. दोन वर्षांनी तीही गेली. मग काय करणार होते मी? पोराचं लग्न मोडू देणार होते?"

वाऱ्याने वहीची पानं उलटली. वेन्याने वही मिटली.

"ती बाई कोण, आत्या?"

"राबिगा."

"राबिगा आजी? अगं ती तर आहे अजून! गेल्या महिन्यात तिच्या पणतूच्या बारशाला गेलो होतो मी, सरांबरोबर."

"आहे ना. चौऱ्याऐंशीची आहे. बाजारात दिसली की मी दुसऱ्या गल्लीत वळते. साठ वर्षं वळतेय." तिचा आवाज फाटला. "एकदा आभार मानायला थांबले असते तर लोकांनी विचारलं असतं ना, कशाचे?"

पुढचं सगळं तिला फार भराभर आठवतं. आपण उठलो कधी, कोठीपाशी पोचलो कधी, काही कळलं नाही. मागे वेन्या, त्याच्या मागे आर्तुर, आणि हातात सुरी तशीच धरलेली दीना. बंद दारापाशी उभं राहून अन्फिसाने तेच सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला एका दमात. आत कांद्याच्या पोत्यांवरून कुणीतरी उठल्याचा आवाज आला, मग कडी निघाली.

त्रोफिमच्या नव्या सुटाला कांद्याची टरफलं चिकटली होती. तो बहिणीसमोर उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"म्हणजे माझा पहिला चौरंग झालाच नाही, अक्का."

"तसं नव्हे रे..."

"मग लग्नाचाही खोटाच. आणि आज हा." तो चौकटीला टेकला. "आणि लारिसा?"

ते नाव त्या घरात कुणी घेत नसे. सहा वर्षांची होऊन गेलेली पोर, आर्तुरच्या पाठची. अन्फिसानेही पंचवीस वर्षं नेमकं हेच मनात घोकलं होतं. चुकलेला चौरंग मुलांवर उलटतो.

"आत्या!" आर्तुर ओरडला. "आजच बरा मुहूर्त मिळाला तुला! बाहेर साठ माणसं बसली आहेत! आयुष्यभर आम्हाला रीत शिकवलीस, हे असं नको, तसं नको, वड्या डावीकडे, फळं उजवीकडे, आणि स्वतः..."

"आवाज खाली," दीना म्हणाली.

सगळे वळून बघायला लागले. पस्तीस वर्षांत दीनाने त्या घरात कुणाला आवाज खाली करायला सांगितलं नव्हतं.

"लारिसाला गोवर झाला होता," ती नवऱ्याला म्हणाली. रडणं कुठल्या कुठे पळालं होतं. "गोवर. त्या आठवड्यात गावातली चार पोरं गेली. त्यांचे चौरंग कुणी चुकवले होते? मी तिच्या उशाशी होते, आणि माझ्याशेजारी या होत्या, नऊ रात्री. तुम्ही पाटावर होतात. या बाईला पुन्हा असलं काही विचारायचं नाही."

त्रोफिमने खाली बघून सुटावरचं एक टरफल काढलं, मग दुसरं. तिसरं काढता काढता त्याचं लक्षच उडालं.

"बाबा," वेन्या पुढे आला. "चौरंग मांडला गेला होता. मांडणारी कालव्यापलीकडे आहे. तिला आणून त्या आसनावर बसवा. सगळ्यांच्या आधी मी वाकेन."

"आत्ता उचलून आणतो," आर्तुरने खिशातून किल्ल्या काढल्या. त्याची बाजू बदलायला एवढंच पुरलं. काहीतरी करायला मिळालं की झालं. "पाच मिनिटं."

"तू दारात हॉर्न वाजवशील. आणि ती येणार नाही. मी जातो. आत्या, तूही चल."

"मी? मेले तरी नाही."

"तू नाही आलीस तर मी तिला काय सांगू? कुणाचा निरोप म्हणून?"

त्रोफिम हो म्हणाला नाही की नाही म्हणाला नाही. घड्याळ बघून तेवढंच म्हणाला, "अकराला दहा कमी. बारापर्यंत बसतो मी."

राबिगाचं घर गाडीने आठ मिनिटांवर. पण घरात शिरल्यावर वेन्याला कसली घाईच उरली नाही. बूट काढले, उजवा पाय आधी टाकला, दोन्ही हातांनी म्हातारीचा हात धरला. तब्येत विचारली, पोरं विचारली, नातवंडं विचारली, गाय विचारली. गायीचं वासरूसुद्धा विचारलं! पाव पुढे आला तेव्हा तुकडा मोडून खाल्ला. दुधाचा चहा आला तेव्हा घोट घोट घेतला. अन्फिसा कोपऱ्यात भिंतीवरच्या घड्याळाखाली बसली होती. ते घड्याळ मेलं टकटक करत नव्हतं, तिच्या डोक्यातच हातोडे घालत होतं. सव्वाअकरा. अकरा पंचवीस. दुसरी वाटी. साठ वर्षं आतल्या आत धरून ठेवलेलं बोलायला आली होती आणि हे दोघं वासराच्या पायाला काय लावावं यावर खल करत बसले होते. बोल ना रे एकदाचं, असं तिला ओरडावंसं वाटत होतं.

तिसरी वाटी उपडी ठेवून वेन्या थांबला. मग राबिगानेच विचारलं, "कुणाचा रे तू? त्या दिवशी बारशाला आलेला, तो ना?"

"हेगाय. पाटवाल्या त्रोफिमचा धाकटा."

"आणि ही कोण? ही मला बघून गल्ली बदलणारी का?"

अन्फिसाला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण ती उठली आणि म्हातारीच्या समोर जाऊन खाली बसली. कझाक भाषा तिला आता उत्तम येत होती. बोलायचं तेवढं राहून गेलं होतं.

"राबिगा, मीच ती. कडेवर पोर घेऊन आलेली. तू त्याचा पहिला चौरंग मांडलास आणि मी तो माझ्या आईच्या नावावर खपवला. तुला तोंड दाखवायची लाज वाटत होती. मला माफ कर."

राबिगाने कान पुढे केला. "कसला चौरंग?"

"त्याचा वाढदिवस होता. आमच्यात पहिल्या वाढदिवसाला..."

"मला काय ठाऊक! मला वाटलं, पोरं भुकेली आहेत." म्हातारीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग आज काय? पुन्हा भूक लागली का?"

अन्फिसाला हसू आलं आणि रडूही आलं. तेवढ्यात वेन्याने सगळं नीट सांगितलं. साठी, आसन, थांबलेले पाहुणे. राबिगा ऐकत राहिली. मग "थांबा" म्हणून आत गेली. धुतलेलं पांढरं शिरोवस्त्र डोक्याला गुंडाळून बाहेर यायला तिला वीस मिनिटं लागली.

ते परतले तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. दारातच आर्तुर उभा. "बारा वाजून गेले, आत्या!"

"तेव्हाही गेले होते," अन्फिसा म्हणाली आणि आत शिरली.

खोली माणसांनी गच्च भरली होती. त्रोफिम आपल्या जागी बसला होता, सूट झटकलेला, चेहरा ताणलेला. वेन्याने राबिगाला कोपराला धरून आणलं आणि पहिल्या आसनावर बसवलं. दुसरं रिकामंच राहिलं. लोकांत कुजबुज उठली. ही कोण? हेगायच्या चौरंगाशी कझाक म्हातारी कशी? त्रोफिम उठला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझा पहिला चौरंग हिने मांडला. मला आज कळलं."

मग तो तिच्यापुढे आला. गुडघे टेकले, हात टेकले, कपाळ जमिनीला लावलं. लावलं न लावलं तोच राबिगाची काठी त्याच्या खांद्यावर बसली.

"उठ! उठ म्हणते ना! कपाळ देवापुढे टेकवतात. मी कोण लागून गेले!"

त्रोफिम गुडघ्यांवर तसाच, मान तेवढी वर केलेली. त्याने हळूच धाकट्याकडे पाहिलं. "तुझ्या सेमिनरीत हिला कधी घेतलं रे?"

"नाही बाबा," वेन्या म्हणाला. "मी एवढा कडक नव्हतो."

आधी आर्तुर फुटला. मग दीना, मग सगळी खोली. राबिगाला कळेना लोक का हसताहेत, पण तिने आपलं काम सोडलं नाही. दोन्ही तळवे पसरले, त्रोफिमला, त्याच्या मुलांना, त्याच्या पाटाला, पाण्याला, कांद्यालासुद्धा आशीर्वाद दिला आणि तळवे तोंडावरून फिरवले. लांबलचक आशीर्वाद. कोंबड्याच्या चोचीतली मिरची तेवढ्यात निसटून वड्यांवर पडली. अन्फिसाने ती पाहिली, पण उठून खोचायला गेली नाही.

"मावशी," त्रोफिमने विचारलं, "त्या दिवशी मी काय उचललं? अक्का सांगते, दोरा."

अन्फिसाने खाली मान घातली. एवढंच राहिलं होतं, तेही बाहेर येणार होतं.

"उचलणार काय तू!" राबिगा म्हणाली. "खायचं पुढ्यात मांडलं, तर ढुंकूनही बघेना. या पोरीच्या परकराला जे धरून बसलास... मी सोडवायला गेले, तर असं भोकाड पसरलंस की माझा कुत्रा पळाला. शेवटी परकरासकट बसवलं तुला."

त्रोफिमने राबिगाकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. अन्फिसा नेहमीप्रमाणे तिथेच उभी होती, अर्धी आत, अर्धी बाहेर. गावातले शंभर चौरंग तिने मांडले असतील, पण एकाही चौरंगापाशी ती बसली नव्हती.

"अक्का, ये. बस इथे." त्याने दुसऱ्या आसनावर हात ठेवला.

"वेडा आहेस का? माझे हात तेलाचे आहेत. आणि ते आईचं आसन आहे."

"बस म्हणतो ना."

"लोक काय म्हणतील?"

"अक्का, साठ वर्षं झाली," त्रोफिम म्हणाला, "मी अजून सोडलेलं नाहीय. बस."

ती बसली. हात एप्रनखाली लपवले. पुढे कोण आलं, कोण उभं राहिलं, तिला धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. सगळ्यांच्या आधी वेन्या आला, बोलल्याप्रमाणे. त्याने गुडघे टेकले, हात टेकले आणि तिच्यापुढे कपाळ जमिनीला लावलं. अन्फिसाने घाबरून शेजारच्या काठीकडे पाहिलं. पण काठी हलली नाही. राबिगाला बसल्या बसल्याच झोप लागली होती.